३-वुड आणि ५-आयर्नमधली ३५ यार्डांची पोकळी

वाचकाचे पत्र : वय ५३, पुण्यात गोल्फ खेळतो, हँडिकॅप १८ (म्हणजे पारपेक्षा साधारण १८ फटके जास्त). ड्रायव्हर हवेतून साधारण २०५ यार्ड जातो, ३-वुड (मोठ्या हेडचा लांब क्लब) टीवरून, म्हणजे खुंटीवर ठेवलेल्या बॉलला, १८५ आणि ५-आयर्न (पातळ हेडचा क्लब) १५०. बॅगेत ४-आयर्नही आहे, पण तो चांगला बसला तरी १५३-१५५च्या पुढे जात नाही. त्यामुळे १६० ते १८० यार्डांवर माझ्याकडे मारायला काहीच नाही. आमच्याकडे पाण्यावरून मारायचा १७० यार्डांचा पार-३ (तीन फटक्यांत संपवायचा होल) आहे. तिथे ४-आयर्न पाण्यात जातो आणि ३-वुड ग्रीनच्या मागच्या झाडीत. दुकानदार ३-हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्यामधला क्लब) घ्या म्हणतो, कॅडी ७-वुड म्हणतो, मुलगा ड्रायव्हिंग आयर्न सुचवतो. ७-वुडचं नाव काढलं की ग्रुपमधले हसतात. सध्या बॅगेत १३ क्लब आहेत. नेमकं काय घेऊ? आणि ३-वुड जमिनीवरून मला बसतच नाही, तो ठेवू की काढू?

उत्तर :

तुमचा कॅडी बरोबर सांगतोय. २१ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे क्लबच्या मारत्या बाजूचा तिरकेपणा) ७-वुड घ्या. आयर्न मारताना तुमचा क्लब वरून खाली जोरात येत असेल आणि डिव्हट (क्लबने उखडलेला गवताचा तुकडा) खोल निघत असेल, तरच २२ अंशांच्या ४-हायब्रिडचा विचार करा. ड्रायव्हिंग आयर्न तुमच्यासाठी नाही, आणि १९ अंशांचा ३-हायब्रिडही बहुधा नाही. का, ते पाहू. कारण कळलं तर उद्या दुकानात तिसराच क्लब समोर आला तरी तुम्हाला तो पारखता येईल.

आधी ४-आयर्नचं. तुमचा सेट गेल्या दहा-बारा वर्षांतला असेल तर ४-आयर्नचा लॉफ्ट २१ च्या आसपास आणि ५-आयर्नचा २४ च्या आसपास असणार. कागदावर तीन अंशांचा फरक आहे, तरी बॉल जेमतेम चार-पाच यार्ड पुढे जातो. तुमच्या हाताचा त्यात दोष नाही. बॉल हवेत टिकून राहायला वेग, उडण्याचा कोन आणि स्पिन अशा तिन्ही गोष्टी लागतात. ड्रायव्हर २०५ यार्ड हवेतून जातो, म्हणजे तुमच्या क्लबहेडचा वेग ताशी ९० मैलांच्या आसपास असावा. ४-आयर्नची काठी ड्रायव्हरपेक्षा सहा-सात इंच आखूड, त्यामुळे तिथे तो वेग बराच उतरतो. हेड पातळ, वजन फेसच्या (बॉलला लागणाऱ्या बाजूच्या) जवळ, गुरुत्वमध्य बॉलच्या मानाने वर. मग बॉल खालून निघतो, पुरेसा चढत नाही आणि अंतर गाठायच्या आधीच खाली येतो. लॉफ्ट कमी केल्याने मिळायला हवं ते अंतर उंची कमी पडल्यामुळे हातचं जातं. वेग जितका कमी, तितकं हे लवकर सुरू होतं. ज्याचा ड्रायव्हर २५० जातो त्याच्या ४ आणि ५-आयर्नमध्ये दहा-बारा यार्डांचा फरक स्पष्ट दिसतो. तुमच्या वेगाला तो मिटतो. ड्रायव्हिंग आयर्नही याच जातीचा, हेड थोडं जाड एवढंच. मुलाचा स्विंग तुमच्यापेक्षा वेगवान असेल, म्हणून त्याला तो आवडतो.

फेअरवे वुडमध्ये हे गणित उलटं फिरतं. हेड मागे पसरलेलं, वजन खाली आणि मागे, काठी लांब. ७-वुडची लांबी साधारण ४१.५ ते ४२ इंच असते, ४-हायब्रिडची ४० च्या आसपास आणि ४-आयर्नची ३९ च्या आत. लांब काठीमुळे वेग वाढतो, खालच्या वजनामुळे बॉल वर निघतो आणि रुंद सोलमुळे (हेडच्या तळामुळे) क्लब गवतात रुतण्याऐवजी घसरत पुढे जातो. म्हणून २१ अंशांचा ७-वुड आणि २१ अंशांचा ४-आयर्न यांच्यावर अंश एकच लिहिलेला असला तरी बॉलचा प्रवास वेगळा होतो. तुमच्या वेगाला ७-वुड हवेतून १६५ ते १७० च्या दरम्यान जायला हवा. १५० आणि १८५ यांचा मध्य काढा, १६७ येतो.

१७० च्या पार-३ वर नुसतं अंतर मिळून भागणार नाही, बॉल थांबलाही पाहिजे. लाँच मॉनिटरवर त्यासाठी लँडिंग अँगलचा आकडा दिसतो, म्हणजे बॉल जमिनीकडे किती तिरका उतरतो तो. हा कोन ४५ च्या जवळ असेल तर बॉल ग्रीनवर उतरून थोडक्यात थांबतो. ४० च्या खाली गेला की पुढे पळत सुटतो. तुमचा ३-वुड मागच्या झाडीत जातो तो याचमुळे. १८५ हवेतून, आणि तोही सपाट उतरून. डिसेंबर ते मे या काळात ग्रीन कडक असतात, तेव्हा हा फरक आणखी बोचतो. ३-हायब्रिडबद्दल आमचा आक्षेप इथेच आहे. १९ अंशांवर तुम्हाला कदाचित १७० मिळतील, पण बॉल खालून जाईल आणि ग्रीनवर टिकणार नाही. सपाट उडणाऱ्या क्लबने नेमक्या १७० वर थांबणं अवघड असतं, आणि पाण्यापलीकडे नेमकं तेच करायचं आहे.

आता हायब्रिड की वुड. दुकानात हा प्रश्न नेहमी आवडीचा म्हणून मांडतात. खरं तर तो तुमच्या स्विंगचा आणि तुम्हाला मिळणाऱ्या लायचा, म्हणजे बॉल जमिनीवर कसा बसलाय त्याचा आहे. ७-आयर्नने दहा बॉल मारा आणि गवत पाहा. डिव्हट बॉलच्या पुढे, लांब आणि खोल निघत असेल तर तुम्ही वरून मारता. अशांना हायब्रिड सोपा जातो, कारण तो आयर्नसारखाच मारायचा असतो. डिव्हट निघतच नसेल किंवा नुसतं गवत खरवडल्यासारखं होत असेल तर तुम्ही बॉल झाडून नेता, आणि मग वुड सोपा. तुमच्या वयाच्या, १८ हँडिकॅपच्या खेळाडूंत दुसरा प्रकार जास्त आढळतो, म्हणून आमचा कल ७-वुडकडे. मॅटवर ही चाचणी करू नका. बॉलच्या दोन इंच मागे आदळलेला क्लबही मॅटवर घसरून बॉलला लागतो, आवाजही बरा येतो आणि फॅट शॉट लपून जातो.

तुमचे चुकलेले शॉट कुठे जातात, हे दुसरं पाहायचं. हायब्रिडचा लाय अँगल (काठीचा जमिनीशी कोन) सहसा उभा असतो, कित्येकांत थोडा ऑफसेटही (फेस काठीच्या किंचित मागे) असतो, आणि आखूड काठीमुळे फेस लवकर मिटतो. म्हणून उजव्या हाताच्या खेळाडूचा हायब्रिड बहुतेक वेळा डावीकडे चुकतो. तुमचे आयर्न आधीच डावीकडे हुक होत असतील तर हायब्रिडने ते दुखणं वाढेल. उलट, बॉल उजवीकडे स्लाइस होत असेल तर हायब्रिडची ही खोड तुमच्या पथ्यावर पडेल. पाण्याच्या कोणत्या बाजूला जागा आहे हेही ध्यानात घ्या. चूक उमटायचीच असेल तर ती मोकळ्या बाजूला उमटलेली बरी.

रफचं मात्र वेगळं. उंच वाढलेल्या हरळीत बॉल खाली बसला की ७-वुडचं रुंद हेड गवतात अडकतं आणि हायब्रिडचं छोटं हेड त्यातून निसटतं. उघड्या, गवत गेलेल्या कडक जमिनीवरही हायब्रिड बरा, कारण रुंद सोल तिथे उसळून बॉलच्या पोटावर लागतो आणि शॉट टॉप होतो. फेअरवे बंकरचंही (वाळूच्या खड्ड्याचंही) तेच, पण कडा उंच असेल तर दोन्ही नकोत, ८-आयर्नने बाहेर काढा. म्हणून स्कोअरकार्डवर आठवून पाहा, १६० ते १८० चे शॉट तुम्हाला कुठून येतात. मोठा वाटा टीवरचा आणि फेअरवेवरचा असेल तर ७-वुड. निम्म्याहून जास्त रफमधून येत असतील तर ४-हायब्रिड. त्या एका पार-३ साठी क्लब निवडताय की दर राउंडमध्ये चार-पाच वेळा येणाऱ्या दुसऱ्या शॉटसाठी, हे आधी ठरवा.

मोजणी कशी करायची, यावर थोडा वेळ घालवा. इथेच लोक सर्वाधिक फसतात. आपला सर्वांत लांब गेलेला बॉल आपल्याला आठवतो आणि तोच आपला आकडा होऊन बसतो. प्रत्येक क्लबने १२ बॉल मारा, सर्वांत खराब दोन सोडा, उरलेल्या दहांचा मधला आकडा घ्या. तो तुमचा आकडा. हे मारताना टी वापरू नका, पार-३ साठी हवं तर पाच बॉल वेगळे टीवरून मारा. नेहमी कॅरी (बॉलने हवेतून कापलेलं अंतर) मोजा, घरंगळून कुठे गेला ते नाही. रेंजवरचे बॉल झिजलेले आणि कडक असतात, ते पाच ते दहा टक्के कमी जातात. म्हणून स्वतःचे बॉल न्या, किंवा ५-आयर्न आणि नवा क्लब दोन्ही रेंजबॉलनेच मारून त्यांतला फरक पाहा. तुम्हाला मुळात फरकच शोधायचा आहे.

लाँच मॉनिटर मिळत नसेल तर पावसाळ्याचा उपयोग करून घ्या. फेअरवे मऊ असताना बॉल जिथे आपटतो तिथे खड्डा पडतो आणि तो फार पुढे पळत नाही. लेसरने खड्ड्यापर्यंतचं अंतर घेतलं की कॅरी मिळाली. हे कोर्स रिकामा असेल तेव्हा करा, मार्शलला विचारून, आणि नंतर खड्डे बुजवून. अंतराचे खांब यार्डांत आहेत की मीटरमध्ये हेही एकदा तपासा. १७० मीटर म्हणजे १८६ यार्ड. असा घोळ निघाला तर क्लबची अख्खी चर्चाच बदलते.

उंचीचा फरकही असतो, पण त्याचा बाऊ करू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. विरळ हवेमुळे बॉल मुंबईपेक्षा दोनेक टक्के जास्त जातो. १७० वर तीन-चार यार्ड. चेंबूरला खेळायला गेलात तर तेवढं लक्षात ठेवा, बाकी सोडून द्या.

आकडे हातात आल्यावर लांबीपेक्षा फैलाव पाहा. समजा ७-वुडचे दहा बॉल १५८ ते १७१ च्या दरम्यान पडले आणि हायब्रिडचे १४६ ते १७६ च्या. हायब्रिडचा सर्वांत लांब बॉल पाच यार्ड पुढे गेला असला तरी पाण्यावरून मारायला ७-वुडच घ्यावा. फेसवर बॉल कुठे लागतो ते पाहायचं असेल तर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे फेसवर हलका मारा किंवा पुसता येणाऱ्या मार्करने बॉलवर एक मोठा ठिपका काढा. ठसे सतत टोच्या (हेडच्या टोकाच्या) बाजूला उमटत असतील तर तुम्ही बॉलपासून फार दूर उभे आहात किंवा काठी आखूड पडतेय. हीलकडे (काठीजवळच्या बाजूला) उमटत असतील तर उलट, आणि तेव्हा अर्धा इंच आखूड काठी मागायला लाजू नका. लांब काठीने दोन यार्ड मिळवून मधोमध बॉल लागण्याचं प्रमाण घालवण्यात काही हशील नाही.

काठीबद्दल दोन गोष्टी. पहिली, वजन. फेअरवे वुडची ग्राफाइट काठी बहुतेक ५५ ते ७० ग्रॅमची असते, हायब्रिडची त्याहून थोडी जड. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ५० ग्रॅमची काठी असेल तर ७-वुडमध्ये ६० च्या आसपासची घ्या. क्लब जसजसा आखूड होतो तशी काठी जड होत गेलेली बरी, नाहीतर एकाच राउंडमध्ये हाताचा ताल बिघडतो. दुसरी, फ्लेक्स, म्हणजे काठीचा लवचिकपणा. प्रत्येक कंपनीचा रेग्युलर वेगळा असतो, त्यामुळे नुसतं अक्षर पाहून ठरवू नका, मारून पाहा. आणि वुडची काठी हायब्रिडमध्ये बसवून घेऊ असा विचार मनात असेल तर तो सोडा. वुडच्या काठीचं टोक ०.३३५ इंचाचं असतं, हायब्रिडचं बहुतेक ०.३७० चं.

लॉफ्ट बदलता येणारा स्लीव्ह (काठी आणि हेड जोडणारा भाग) असलेला ७-वुड मिळाला तर उत्तम, पण तो कसा वागतो ते समजून घ्या. लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर ठेवल्यावर फेस डावीकडे मिटलेला दिसतो, कमी केला की उजवीकडे उघडतो. म्हणजे २१ चा २२ करताना तुम्ही नकळत थोडा हुकही विकत घेता. एकदा बसवलेला लॉफ्ट राउंड सुरू झाल्यावर बदलायचा नाही, नियम ४.१अ त्याला परवानगी देत नाही. छापलेला लॉफ्ट आणि खरा लॉफ्ट यांत अर्धा-एक अंशाचा फरक सर्रास निघतो, तेव्हा ज्याच्याकडे लॉफ्ट मोजायचं यंत्र आहे अशा फिटरकडून मोजून घ्या.

वापरलेला क्लब घ्यायला हरकत नाही. ७-वुडमध्ये दोन-चार वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही. घेताना हेड कानाजवळ हलवा. आत खडखड आली तर आतला चिकट पदार्थ किंवा वजन सुटलंय. क्राउनला (हेडच्या वरच्या भागाला) फेसजवळ बारीक तडा आहे का ते उन्हात तिरकं धरून बघा. काठी कापलेली आहे का, हे लांबी मोजून कळतं. ग्रिप कडक झाली असेल तर बदलायचा खर्च किमतीत धरा. मोठ्या ब्रँडचा जवळजवळ नवा क्लब निम्म्याहून कमी किमतीत कुणी ऑनलाइन देत असेल तर हॉझलवरचा (काठी बसते त्या नळीवरचा) सीरियल क्रमांक आणि हेडकव्हर, अक्षरांचा रंग, वजन खऱ्या क्लबशी ताडून पाहा. नकली क्लबचा लॉफ्ट वाटेल तो असतो, आणि आपली सगळी कहाणी तर लॉफ्टचीच आहे.

हसणाऱ्यांचं काय? डस्टिन जॉन्सनने नोव्हेंबर २०२० मध्ये मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत ७-वुड होता, आणि तो तेव्हा जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक. हायब्रिडलाही एके काळी असंच हसायचे. मग २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वाय. ई. यांगने टायगर वुड्सशी झुंजताना शेवटच्या होलवर दोनशेहून जास्त यार्डांवरून हायब्रिडने बॉल पिनजवळ नेऊन ठेवला. ग्रुपमधल्यांना हे सांगायची गरज नाही. १७० च्या टीवर आपली पाळी आधी आली की बॉल ग्रीनवर ठेवा, पुढचं ते बघतील.

क्लब आल्यावर मारायचा कसा, तेही थोडक्यात. बॉल डाव्या टाचेच्या दोन बॉल आत ठेवा, ३-वुडपेक्षा थोडा मागे. पार-३ वर टी जेमतेम सेंटिमीटरभर वर ठेवा, जास्त उंच टीवर बॉल फेसच्या वरच्या भागाला लागून नुसता आकाशात जातो. बॉल उचलायचा प्रयत्न करू नका, ते काम लॉफ्ट करतो. उचलायला गेलात की वजन मागच्या पायावर राहतं, आणि मग एक शॉट टॉप, पुढचा फॅट. वारा समोरून असेल तर ७-वुड फुग्यासारखा वर चढतो. जून-जुलैत पुण्यात पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा हे दिसेलच. अशा वेळी ग्रिप इंचभर खाली धरा, बॉल अर्धा बॉल मागे घ्या, स्विंग तीन-चतुर्थांश ठेवा आणि पाच-सात यार्ड कमी धरून चला.

आता १४ चा हिशेब. बॅगेत १३ आहेत, म्हणजे ७-वुड आला की १४ पुरे होतात आणि लगेच काही काढावं लागत नाही. १४ च्या वर गेलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) नियम मोडलेल्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोकचा दंड बसतो, राउंडला जास्तीत जास्त चार. ४-आयर्न पहिले दोन महिने राहू द्या. झाडांखालून बॉल खालून काढायला तो कामाचा आहे. पण ५-आयर्नही ते काम करतो हे लवकरच लक्षात येईल, आणि मग ४-आयर्न कपाटात ठेवा.

३-वुडचा तुमचा शेवटचा प्रश्न. जमिनीवरून तो बसत नाही, यात नवल नाही. १५ अंशांचा क्लब ताशी ९० मैलांच्या आसपासच्या स्विंगने फेअरवेवरून उचलणं बहुतेकांना जड जातं. ७-वुड घेतल्यावर सहा-आठ राउंड प्रत्येक वेळी कार्डावर खूण करा, ३-वुड टीवरून किती वेळा मारला, जमिनीवरून किती वेळा, आणि त्यातले किती बसले. फक्त अरुंद होलच्या टीवर तो वापरला जात असेल आणि तिथे बॉल फेअरवेवर राहत असेल तर राहू द्या. जमिनीवरूनही तुम्ही त्याला हात घालत असाल आणि तो दगा देत असेल, तर त्याच्या जागी १८ अंशांचा ५-वुड आणा. टीवर सात-आठ यार्ड कमी मिळतील, पण फेअरवेवरून १७५ च्या आसपास भरवशाचे मिळतील. मग ड्रायव्हर, ५-वुड, ७-वुड, ५-आयर्न अशी रांग लागेल आणि ४-आयर्नची रिकामी जागा वेजसाठी (ग्रीनजवळून मारायच्या जास्त लॉफ्टच्या क्लबसाठी) उरेल. ५-वुड घेण्याआधी मात्र ७-वुडचा खरा कॅरी आकडा हातात असू द्या. तो १६२ निघाला तर ५-वुड १८ चा घ्या, १७० निघाला तर १७ चा.